फळीची कड

भूपेंद्रचा पिकअप शेडसमोर येऊन थांबला तेव्हाच प्रतिभानं ठरवून टाकलं, या माणसाला बसायला म्हणायचं नाही आणि पाणी तर विचारायचंच नाही.

बुरहानपुरात लालबागच्या रस्त्याला लागून तिची पत्र्याची शेड होती. कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे, कुंड्या, मिरवणुकीच्या झाँकीतले हत्ती-घोडे, जे काही फायबरचं असेल ते सगळं ती करायची. काम बापानं शिकवलेलं. बाप गेल्यावर भावांनी यंत्रमाग धरले आणि हे काम तिच्याकडं राहिलं, ते पंचवीस वर्षं. फायबरच्या चिकट रेझिननं तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की मोबाईल तिचा अंगठा ओळखायचा नाही.

भूपेंद्र फोपनारचा. घरची केळी होती, शिवाय हायवेवर असीरगडच्या खाली त्यानं चार खोल्या आणि एक मोठं तळं केलं होतं. इंदूरचे लोक शनिवार-रविवार तिथं उतरायचे. त्या तळ्यासाठी त्यानं मागच्या दिवाळीच्या आधी प्रतिभाकडून चार माणसांची नाव करून घेतली होती. तेव्हा तो तिला ताई म्हणायचा. उद्घाटनाच्या दिवशी ती नाव त्याच्या सासरच्या माणसांना घेऊन तळ्याच्या मधोमध खाली बसली. पाणी कमरेएवढंच होतं, कोणाला काही झालं नाही. पण भारी साड्या चिखलात गेल्या, आणि भूपेंद्रनं काठावर उभं राहून व्हिडिओ काढला. ‘ही बघा आपल्या बुरहानपूरच्या प्रतिभाबाईंची कारागिरी. बाईमाणसाला असलं काम देऊ नका, सीधी बात.’ तो व्हिडिओ शहरातल्या बुधवाऱ्यापासून पार शाहपूरपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये पोचला.

प्रतिभानं तो इतक्या वेळा बघितला की त्यातली माणसं कुठल्या क्रमानं ओरडतात हे तिला पाठ झालं होतं. नावेवर एक लोखंडी छत होतं. ते तिनं बसवलेलं नव्हतं. छताचे चार खांब नावेच्या तळाला भोकं पाडून, बोल्ट आवळून उभे केलेले दिसत होते. तिनं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ‘ही भोकं कोणी पाडली?’ भूपेंद्रनं लिहिलं, ‘तुम्हीच पाडून दिली,’ आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं. त्यानंतर एका शाळेचं झाँकीचं काम गेलं. एका मंगल कार्यालयाच्या कमानी गेल्या. बाजारात ओळखीच्या बायका भेटल्या की हसत विचारायच्या, “काय गं, नाव तरते का आता?”

तो माणूस आज तिच्या दारात आला होता. मार्च संपत आला होता, अकरा वाजताच रस्ता तापला होता.

भूपेंद्र खाली उतरला नाही. ड्रायव्हर उतरला, दगा, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. त्यानं मागची फळी पाडून काळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक लांबच लांब वस्तू ओढायला घेतली.

“ओढू नको, उचल,” प्रतिभा आतूनच ओरडली. मग तिला राहवलं नाही. ती बाहेर आली, ताडपत्रीवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. “काळ्या ताडपत्रीत बांधून उन्हातून आणलीत? आत थर्मोकोल असतं. तापलं की फुगतं आणि वरची कातडी सुटते. एवढीही अक्कल नाही?”

आता भूपेंद्र उतरला. पांढरा शर्ट, कपाळावर चढवलेला गॉगल. “अक्कल शिकायला नाही आलो, बाई. काम असेल तर बोला.”

ताडपत्री सोडली तेव्हा आत आकाशी रंगाचा दहा-साडेदहा फुटी बोर्ड निघाला. पाण्यावर उभं राहून वल्हवायचा. धरणावरचा कुठलासा जलक्रीडा क्लब बंद झाला, तिथून भूपेंद्रनं असे चार जुने बोर्ड आणले होते. तीन ठीक होते. या चौथ्याची उजवी कड हातभर लांब सोलवटली होती. वल्हं आपटून, धक्क्याच्या सिमेंटला घासून रंग उडाला होता. खालचा पांढरा थर दिसत होता, दोन ठिकाणी टवके गेले होते.

“रविवारी इंदूरची पार्टी आहे,” भूपेंद्र म्हणाला. “चारी बोर्ड लागणार. नव्यासारखा पाहिजे.”

“इंदूरला न्या.”

“विचारलं. कोणी हात लावत नाही. खंडव्यात विचारलं, तिथला डेंटिंगवाला म्हणाला पुट्टी मारून देतो.” तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं गॉगल चाचपत काढलं एकदाचं. “तुमचंच नाव सांगितलं त्यानं.”

नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. नवरा दिगंबर रोज सकाळी विमा ऑफिसला जाताना सांगायचा, त्या माणसाची सावली पडली तरी शेड धुऊन काढ. पण प्रतिभाच्या डोक्यात दुसरंच शिरलं. तिला त्या बोर्डाच्या आत पाणी सापडायला हवं होतं. कड फुटून आतलं थर्मोकोल कुजलेलं, दाबलं की पाणी ओघळतंय, असं काहीतरी. मग ती या माणसाला त्याच्या ड्रायव्हरसमोर सांगणार होती, की शेठ, तुम्हाला वस्तू कळत नाही. तुम्हाला भंगार विकलंय आणि तुम्ही ते मिरवत आणलंय.

“करते,” ती म्हणाली.

“माझी एक अट आहे.” भूपेंद्रनं मोबाईल काढला. “मी इथं बसणार आणि सगळं शूट करणार. नंतर असं झालं, तसं झालं, हे नको.”

“मग मीही करणार.” तिनं स्वतःचा मोबाईल हार्डनरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चालू केला. “आणि मध्येच बंद करायचा नाही. कोणीच नाही.”

“डन.”

तिनं दोन लाकडी घोडे मांडले, त्यांवर जुन्या गाद्या टाकल्या आणि बोर्ड आडवा ठेवला. बसायला सांगितलंच नाही, तेव्हा भूपेंद्र एक उलटा ड्रम ओढून त्यावर बसला. दगा दारात उकिडवा बसला आणि त्यानं बिडी काढली.

“बिडी बाहेर,” प्रतिभा म्हणाली. “इथं सगळं पेटतं.”

दगानं बिडी कानामागं खोवली.

तिनं बोर्ड साबणाच्या पाण्यानं धुतला, फडक्यानं कोरडा केला, पंख्याखाली ठेवला. मग एक जुनं जाड नाणं घेतलं आणि कडेवर ठोकत ठोकत पुढं सरकायला लागली. टक, टक, टक. जिथं आत सुटलेलं असतं तिथं आवाज बसका होतो, पोकळ येतो. ती कान देऊन त्या बसक्या आवाजाची वाट बघत होती. ती सोललेल्या जागेवर आली.

टक, टक, टक.

आवाज तसाच, कडक. तिनं पुन्हा ठोकलं, उलट दिशेनं ठोकलं, दोन्ही टवक्यांच्या आजूबाजूला ठोकलं. मग अंगठा रोवून दाबलं. दगडासारखं लागलं. बोर्डाच्या वरच्या अंगाला हवा जायचा एक छोटा स्क्रू असतो. तो तिनं काढला, त्यात कापसाची वात सरकवली, फिरवून बाहेर काढली. वात कोरडी होती.

“काय निघालं?” भूपेंद्रनं विचारलं.

“अजून बघतेय.”

तिनं टवक्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावलं, चारी बाजूंनी टेप मारली आणि वरून दिवा सोडला. आत ओल असेल तर तासाभरात प्लास्टिकच्या खालून वाफ धरते. तासभर वाट बघितली. भूपेंद्रनं दोनदा फोन घेतले, एकदा केळीच्या गाडीवरून कोणावर तरी खेकसला. प्रतिभा तेवढ्या वेळात एका दरवाजाच्या कडा घासत होती. पण तिचा जीव त्या प्लास्टिकमध्ये होता. इतकी वर्षं लोकांच्या टाक्या-कूलर तपासताना तिनं वाफ धरू नये अशी इच्छा केली होती, आज पहिल्यांदा उलटं मागत होती.

प्लास्टिक स्वच्छ राहिलं. त्याखालून बोर्डाचा पांढरा थर जसाच्या तसा दिसत होता.

दुष्टावा किती सोपा होता हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. ‘आत सुटलंय’ एवढं म्हणायचं. त्याला काय कळणार होतं? बोर्ड मधून उघडायचा, आठवडाभर अडकवून ठेवायचा, त्याची पार्टी बुडवायची. शब्द ओठांपर्यंत आले होते. तिनं प्लास्टिक ओरबाडून काढलं.

“काही नाही झालेलं. वरचा रंग आणि भरावाचा थर गेलाय फक्त. आतलं फायबरचं कापड शाबूत आहे, पाणी गेलेलं नाही. घासून, भरून, रंगवून देते. परवा न्या.”

“एवढंच?” भूपेंद्र उठला.

“एवढंच.”

“तासभर ठोकलं, टेप लावली, दिवा लावला, आणि म्हणे काही नाही?”

“नाही तर नाही.”

तो बोर्डाजवळ आला. त्याचा चेहरा बदलला होता. “समजलं मला,” तो म्हणाला. “आत पाणी आहे आणि तू सांगत नाहीयेस. वरून रंग लावून देणार. रविवारी इंदूरवाल्यांसमोर बोर्ड बसला की इथं बसून हसणार. बदला काढतेयस तू.”

प्रतिभाला एकदम हसू आलं, आणि ते हसू तिलाच कडू लागलं. सकाळपासून मनात जे होतं ते या माणसानं बरोबर ओळखलं होतं. जेव्हा ते मनातून निघून गेलं, नेमकं तेव्हा.

“वात तुमच्यासमोर कोरडी निघाली.”

“वात-बित मला माहीत नाही. कापून दाखव.”

“काय?”

“कड काप. आत बघू दे. मी मालक आहे, मी सांगतोय, कॅमेऱ्यासमोर सांगतोय.” त्यानं स्वतःचा मोबाईल तोंडासमोर धरला. “मी, भूपेंद्र, स्वतः कापायला सांगतोय. बस? आता काप.”

“चांगली कड आहे. कापली की जन्मभर तिथं जोड राहील. वजन वाढेल, पाण्यावर एका बाजूला ओढेल.”

“काप म्हणतो ना!”

हातातलं प्लास्टिक तिनं खाली टाकलं. कोपऱ्यात ग्राइंडर होता. तो तिनं उचलला, वायर लावली, चालू केला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा घुमला की दगा उठून उभा राहिला. तिनं पात्याची धार कडेवर आणली, दोन बोटं अंतर राहिलं. दोन बोटं. मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, दोन-दोन मोबाईलमध्ये चढलेलं. तिच्यावर काहीही येणार नव्हतं. बोर्ड खराब झाला असता, भूपेंद्रची फजिती झाली असती, आणि ती म्हणू शकली असती, मी सांगितलं होतं.

तिनं ग्राइंडर बंद केला. पातं फिरत फिरत थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

“नाही कापणार. मी चांगली वस्तू फाडत नाही. तुम्हाला फाडायची तर घरी नेऊन फाडा.”

“दे इकडं.” भूपेंद्रनं ग्राइंडरला हात घातला. तिनं तो सोडला नाही. दोघांच्या हातात तो यंत्राचा धोंडा, आणि मध्ये वायर ताणलेली. भूपेंद्रचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. “सोड!” तो ओरडला. तिनं पायानं खालच्या एक्स्टेंशनमधून वायरची पिन उपटली.

“भाऊ!” दगा मध्ये पडला. त्यानं भूपेंद्रचं मनगट धरलं होतं. सकाळपासून उन्हात गाडी चालवून, इथं उकिडवं बसून, बिडीवाचून राहून तो वैतागला होता, त्याच वैतागात तो बोलला. “भाऊ, ती नाव बी आपणच फोडली, आता ही फळी बी फोडता का? ताई सांगून राहिली ना, चांगली आहे म्हणून!”

भूपेंद्रनं ग्राइंडर सोडला.

“काय म्हणालास?” प्रतिभानं विचारलं.

“तू चूप,” भूपेंद्र दगाला म्हणाला.

“छताची भोकं कोणी पाडली, दगाभाऊ?”

दगानं मालकाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. आता बोललेलं परत गिळता येणार नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. “भोकं त मीच पाडेल व्हती,” तो हळू आवाजात म्हणाला. “यांनी सांगितलं म्हणून. आदल्या दिवशी. वरून एमसील लावलं व्हतं.”

प्रतिभा भूपेंद्रकडं वळली. तिला वाटत होतं, तो म्हणेल की दगा खोटं बोलतोय. किंवा म्हणेल, मला आठवत नव्हतं. ती त्यासाठी तयार होती.

“हो, मला माहीत होतं,” भूपेंद्र म्हणाला. “मग? सासऱ्यासमोर, साडूंसमोर काय सांगू? मीच गाढवपणा केला म्हणू? कोणावर तरी टाकावंच लागतं.”

“आणि मी सापडले.”

“तू कोण होतीस माझी? कामवाली होतीस.” असं म्हणून तो थांबला, कारण तिची नजर त्याच्या खांद्यावरून हार्डनरच्या डब्याकडं गेली होती. त्यानंही वळून पाहिलं. तिथं तिचा मोबाईल उभा होता, कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता.

तो पुढं झाला, पण ती जवळ होती. तिनं मोबाईल उचलून कामाच्या झग्याच्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.

“डिलीट कर.”

“अट तुमची होती. सगळं शूट होणार.”

“प्रतिभा, डिलीट कर. चांगलं नाही होणार.”

“बोर्ड न्यायचा असेल तर न्या. ठेवायचा असेल तर शनिवारी या. शेडमधून मात्र आता बाहेर व्हा.”

भूपेंद्रनं बोर्डाकडं बघितलं. रविवार त्याच्या डोळ्यांसमोर असावा. तो पिकअपमध्ये जाऊन बसला. दगानं ताडपत्रीची घडी केली, ती हळूच आत भिंतीशी ठेवली, आणि तिच्याकडं न बघता निघून गेला.

संध्याकाळी दिगंबरनं ते सगळं रेकॉर्डिंग बघितलं, बुटाच्या नाड्या न सोडता, खाटेवर बसून. “टाक ना मग,” तो म्हणाला. “विचार कसला करतेस?”

“व्हिडिओ कापायचा नाही. सगळा टाकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्यासारखं नाही करायचं मला.”

दोन तासांचा व्हिडिओ त्यानं तसाच चढवला आणि त्याची लिंक ग्रुपवर टाकली. प्रतिभा ग्रुपमध्ये नव्हती, पण तो होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी शेडमध्ये येऊन तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर बोर्डासमोर उभी राहून त्याला शिव्या दिल्या. मग मास्क लावला. कड जाड कागदानं घासली, सुटे टवके काढले, कडा उतरत्या केल्या, स्पिरिटनं पुसलं. शेडमधलं नेहमीचं स्वस्त रेझिन वापरता येत नव्हतं. थर्मोकोलला ते लागलं तर साखर विरघळावी तसं थर्मोकोल विरघळतं. इथं आतपर्यंत वाट नव्हती, तरी तिला धोका घ्यायचा नव्हता. तिनं दोन डब्यांतलं एकत्र मिसळायचं महाग रेझिन काढलं, काट्यावर मोजलं, त्यात पांढरी हलकी भुकटी घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलं. सोललेल्या जागेच्या वर-खाली टेप लावून तिनं ते पातळ पट्टीनं कडेवर ओढलं, गोलाईला धरून, किंचित जास्तच, घासायला उरेल असं.

हात कामात होते, तोपर्यंत तिला बरं वाटत होतं. ते वाळायला ठेवलं की राग परत यायचा. हा बोर्ड त्याचा होता. त्यावर तिनं दोन दिवस घालवले होते. कडेला आत एखादा बुडबुडा राहू दिला असता तर दोन महिन्यांत रंग उचलला असता. हे तिच्या मनात एकदा नाही, चारदा आलं. चारही वेळा ती उठली आणि बुडबुडा राहिला नाही ना, हे बॅटरी लावून बघून आली.

व्हिडिओचं काहीच झालं नव्हतं. दोन तास कोण बघणार? दिगंबरच्या मोबाईलवर दुपारपर्यंत सात अंगठे आले होते आणि एकानं लिहिलं होतं, ‘छान काम करतात वहिनी.’ तो माणूस नाणं ठोकण्याच्या पुढं गेलाच नसणार. प्रतिभाला आधी संताप आला, मग सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं का वाटलं याचा आणखी संताप आला.

चार वाजता पक्कं झालेलं तिनं घासलं, आधी कोरडं, मग पाणी घालून बारीक कागदानं. डोळे मिटून अंगठा फिरवला. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. रंग जुळवायला वेळ गेला. उन्हानं आकाशी फिका पडला होता. तिनं त्यात थेंबभर करडा, थेंबभर पिवळा टाकला, पुठ्ठ्यावर मारून वाळवून बघितला, पुन्हा टाकला. पाचव्या पुठ्ठ्याला जमलं.

तेवढ्यात दिगंबरचा फोन आला. ऑफिसातून, दबक्या आवाजात, पण आनंद मावत नव्हता. “कोणीतरी मधला तुकडा काढलाय गं. दीड मिनिटाचा. भोकं त मीच पाडेल व्हती, तिथून कामवाली होतीस, तिथपर्यंत. सगळीकडं फिरतोय. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दाखवला!”

शनिवारी भूपेंद्र स्वतः गाडी चालवत आला. एकटा. त्यानं गॉगल काढला नाही. बोर्डाच्या कडेवरून त्यानं हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग खाली वाकून बघितलं. कुठली जागा होती ते त्याला सापडत नव्हतं.

“दिसत नाही,” तो म्हणाला.

“दिसू नये म्हणूनच केलंय. चोवीस तास पाण्यात घालू नका. आणि उन्हात ठेवू नका.”

त्यानं पैसे ड्रमवर ठेवले. “सासऱ्याचा फोन आला होता काल रात्री,” तो म्हणाला. “झालं तुझं समाधान?”

“मी सगळा टाकला होता. तुकडा मी नाही काढला.”

“मीही फक्त व्हिडिओ काढला होता. फिरवला लोकांनी.” तो पहिल्यांदा हसला. “तू आणि मी एकच केलं. उगाच साधू बनू नकोस.”

तिनं बोर्डाचं एक टोक उचललं. दुसरं त्यानं उचललं. दोघांनी तो पिकअपमध्ये ठेवला, अंगावर पांढरी चादर टाकली.

“दगा कुठं आहे?”

“काढला.” त्यानं दार आपटलं. “आता तूच ठेव त्याला, तुझा साक्षीदार.”

पुढच्या आठवड्यात शाळेचे शिक्षक येऊन झाँकीचं बोलून गेले. जणू मध्ये काही झालंच नव्हतं, असे बोलले. बाजारातल्या बायका आता दुसऱ्यालाच हसायला लागल्या, भूपेंद्रला. प्रतिभाला ते गोड लागायला हवं होतं, आणि लागलंही, दोन-तीन दिवस. मग एका सकाळी तिनं शेडला कुलूप लावलं आणि ती केळी मंडीत गेली.

दगा हमालीला लागलाय असं तिला कळलं होतं, तो तिथं गाडी भरत होता. खांद्यावर गोणपाटाची घडी, त्यावर हिरवा घड, पायात तुटकी चप्पल. तिला बघून तो थांबला नाही. घड गाडीवर दिला, परत आला, दुसरा उचलला. ती वाटेत उभी होती म्हणून तिला वळसा घालून गेला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर तो पुढ्यात येऊन थांबला.

“काय पाहिजे, ताई?”

“तुमची नोकरी गेली माझ्यामुळं. शेडमध्ये काम आहे. या, म्हणून आले.”

“तुमच्या त्या वासात? नको.” त्यानं गोणपाटानं तोंड पुसलं. “अकरा वर्षं व्हतो त्यांच्याकडं. पोरीच्या लग्नाला गाडी देतो म्हणाले व्हते.”

“तुम्ही खरं बोललात, दगाभाऊ.”

“मी त्यांना बोललो,” दगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात दयामाया नव्हती. “मालक व्हते माझे, त्यांना बोललो. गावाला नव्हतो बोललो. तुम्ही मला विचारलं का, दगा, टाकू का म्हणून? त्यांनी तुम्हाला नाही विचारलं, तुम्ही मला नाही विचारलं.”

गाडीवाल्यानं हाक मारली. दगा वळणार, तेवढ्यात प्रतिभा म्हणाली, “चुकलं माझं.”

त्यानं ते ऐकलं. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, काही हलतं का म्हणून. त्यानं गोणपाट खांद्यावर नीट बसवलं, पुढचा घड उचलला आणि गाडीकडं गेला. मग लोक वाट मागायला लागले, तेव्हा बाजूला झाली आणि शेडकडं चालायला लागली.